चाळीस सेकंदांची भानगड

संख्याशास्त्राचे प्राध्यापक प्रदीप गायकवाड यांचं आगीशी कधीच जमलं नव्हतं. दिवाळीत फुलबाजी पेटवायची वेळ आली तरी ते ती हातभर लांब धरायचे आणि तोंड दुसरीकडे करायचे. अशा माणसाच्या मागे अग्निशमन दल लागावं, किंवा तो अग्निशमन दलाच्या मागे लागावा, असं कोणी पत्रिका बघूनही सांगितलं नसतं. पण प्राचार्या आशालता मॅडमनी जानेवारीत त्यांना केबिनमध्ये बोलावलं आणि तिथून सगळं सुरू झालं.

"गायकवाड सर, एकतीस मार्चच्या आत बाहेरच्या एका संस्थेशी संशोधनाचा सामंजस्य करार. ज्याचा करार नाही त्याचं नाव सहयोगी प्राध्यापकाच्या मुलाखतीला जाणार नाही. मी सगळ्यांना हेच सांगितलंय."

सगळ्यांना सांगितलं होतं हे खरं, पण सगळ्यांना ते पंधरा दिवस आधी सांगितलं होतं. तेव्हा प्रदीपराव पेपर तपासायला गेले होते. परत येऊन बघतात तो आसपासच्या सगळ्या संस्था वाटून संपलेल्या! वाणिज्यवाल्यांनी दोन पतसंस्था उचलल्या होत्या, रसायनवाल्यांनी रंगाचा कारखाना. मराठीच्या मॅडमनी वाचनालय गाठलं होतं आणि खेळाच्या सरांनी तर चक्क मेव्हण्याची जिम करारात बसवली होती. प्रदीपराव अकरा वर्षं सहायक प्राध्यापक होते. त्यांच्याच वर्गात शिकून गेलेला एक जण सहयोगी होऊन त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसत होता, आणि ते आले की अर्धवट उठून "बसा ना सर" म्हणायचा. त्यांना दुसऱ्या कशाचं नाही, त्या "बसा ना"चं फार लागायचं.

बावधनच्या फ्लॅटच्या दारात, जिन्यातच बूट काढता काढता त्यांनी बायकोपुढे गाऱ्हाणं मांडलं. गौतमीताई पोस्टात होत्या. त्या म्हणाल्या, "मग आमच्या पोस्टाशी करा की करार."

"ते भूगोलवाल्यांनी घेतलं."

तेवढ्यात समोरच्या फ्लॅटमधले निरंजन जोगळेकर सेफ्टी डोअरच्या जाळीतून बोलले. ते वीज मंडळातून निवृत्त झाले होते आणि जिन्यात बोललेलं सगळं आपल्यालाच उद्देशून आहे, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. "फायर ब्रिगेड! अहो, त्यांना कोण विचारतंय? आग लागल्याशिवाय त्यांच्या दारात कोणी जात नाही. तुमचं गाव मुळशीला ना? मग गाडी तिथं किती वेळात पोचते ते मोजा. मोजणं हेच तर काम तुमचं!"

प्रदीपरावांना राग आला, कारण कल्पना चांगली होती.

दुसऱ्याच दिवशी ते हमरस्त्यावरच्या अग्निशमन केंद्रात गेले. केंद्राचे अधिकारी चंद्रकांतराव ढमाले रजिस्टरमध्ये डोकं घालून बसले होते. वर न बघताच ते म्हणाले, "एनओसी वरच्या ऑफिसात मिळते."

"एनओसी नको. संशोधन करायचंय."

"कोणाच्या विरोधात?"

संशोधन विरोधात नसतं, बरोबरीनं असतं, हे समजावण्यात प्रदीपरावांची दहा मिनिटं गेली. फोन आल्यापासून गाडी पोचेपर्यंत किती वेळ जातो, तो का जातो, कमी कसा होईल, हे शास्त्रीय पद्धतीनं मोजायचं. कॉलेज आणि अग्निशमन दल, दोघांच्या भागीदारीत. ऐकता ऐकता चंद्रकांतरावांनी पेन खाली ठेवलं, उठले आणि कपाटातून एक जाडजूड फाइल काढून धाडकन टेबलावर आपटली.

"सात वर्षं, सर! सात वर्षं वर लिहितोय की धरणाच्या अंगाला एक उपकेंद्र द्या. इथून गाडी सोडली की तिकडं पोचेस्तोवर काही शिल्लक राहत नाही. वरून दरवेळी एकच विचारतात, पुरावा काय? आता पुरावा म्हणून काय जळकं घर पाठवू का पार्सलनं?"

"पुरावा मी देतो!" प्रदीपराव म्हणाले आणि स्वतःच दचकले. एवढ्या जोरात ते वर्गातसुद्धा बोलले नव्हते.

दोघांनी हात मिळवले. एकाला बढती हवी होती, दुसऱ्याला उपकेंद्र, आणि दोन्ही एकाच घड्याळावर मिळणार होतं. प्रदीपराव केंद्राबाहेर आले ते शीळ घालतच. रस्त्यावर एक लाल रिक्षा गेली तर तिच्याकडेही त्यांनी आपुलकीनं पाहिलं.

करारावर सह्या झाल्या, फोटो झाले. मग अडचण आली ती गाडी मागण्याची. मुख्य कार्यालयातल्या कारकुनानं सांगितलं की संशोधनासाठी गाडी द्यायचा अर्जच अस्तित्वात नाही. तीनच अर्ज आहेत. एक एनओसीचा, एक फटाक्यांच्या स्टॉलचा आणि एक सभा, समारंभ, मिरवणुकीसाठी गाडी तैनात ठेवण्याचा. "यातला कुठला चालतो बघा, नाहीतर नवीन अर्ज मंजूर व्हायला दोन वर्षं धरून चाला."

प्रदीपरावांनी तिसरा घेतला. कार्यक्रमाचे स्वरूप, संशोधन. मंडळाचे नाव, प्रा. गायकवाड. मूर्तीची उंची, लागू नाही. अपेक्षित गर्दी, एक. अर्ज परत आला, 'एक' ही गर्दी होत नाही म्हणून. त्यांनी दोनशे लिहिलं. अर्ज मंजूर! अर्जाच्या मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरांत अटी छापल्या होत्या. त्या कोणीच वाचत नाही. पण आकडेवारीवर पोट असलेल्या माणसानं तरी वाचायला हव्या होत्या की नाही?

प्रयोगासाठी त्यांनी आपलं गावच निवडलं. करंजटेप हे धरणाच्या अंगाला, केंद्रापासून एकेचाळीस किलोमीटरवर. तिथं त्यांचे वडील गेणबा एकटे राहायचे. पोराकडे बावधनला चार दिवस राहून आले की "तितं लिफ्टमदी कुणी बोलत न्हाई" म्हणून आठवडाभर कुरकुर करायचे. प्रदीपरावांनी फोन लावला.

"जय भीम, आबा. शनिवारी अकरा वाजता खळ्यावर पेंढ्याचा ढीग घालायचा. तो पेटवायचा, मी फोन करणार, केंद्रातून गाडी निघणार, मी वेळ मोजणार."

"म्हंजी परीक्षा कुणाची? तुजी का गाडीची?"

"गाडीची, आबा."

"आन पास झाल्यावर बढती कुणाला? गाडीला?"

"मला."

"मंग तुजीच की! सरळ सांग की तसं."

झालं. परदिपची परीक्षा हाय, हे संध्याकाळपर्यंत अख्ख्या करंजटेपला कळलं, आणि गावानं एकमतानं ठरवलं की पोराला पास करायचाच.

शनिवारी प्रदीपराव खेळाच्या सरांकडून उसनी आणलेली दोन स्टॉपवॉचं गळ्यात अडकवून दहा वाजता गावात शिरले आणि त्यांच्या पायाखालची जमीनच सरकली. विहारासमोर लालभडक गाडी उभी! बंपरला झेंडूची माळ, पुढच्या काचेखाली हळदीकुंकवाची पाच बोटं, चाकाशी फोडलेल्या नारळाची शकलं. सावलीत चंद्रकांतराव आणि त्यांचे जवान ओळीनं बसून पोहे खात होते आणि गेणबांच्या शेजारच्या साळूबाई त्यांना "घ्या की अजून, लाजताय काय" म्हणत आग्रहानं वाढत होत्या. नारळ माजी सरपंच कुशाबांनी फोडला होता. गावात पहिल्यांदाच आलेली गाडी, ती ओवाळल्याशिवाय कशी राहील?

"तुम्ही इथं कसे?" प्रदीपराव ओरडलेच.

"नऊलाच आलो," चंद्रकांतराव खाली मान घालून म्हणाले. "अट नंबर चार. गाडी कार्यक्रमाच्या दोन तास आधी कार्यक्रमस्थळी हजर राहील."

"अहो, पण गाडी यायला किती वेळ लागतो हेच तर मोजायचंय!"

"ते मला कळतंय, सर. पण अर्ज तुम्ही भरलाय."

"मग परत न्या. केंद्रात न्या आणि तिथून या!"

"अट नंबर पाच. कार्यक्रम संपेपर्यंत गाडीनं कार्यक्रमस्थळाची हद्द सोडायची नाही. तिथं शाळेचं वळण आहे ना, फार तर तिथपर्यंत नेतो. आजचा दिवस रंगीत तालीम समजा, सर. खरं मोजमाप पुढच्या खेपेला."

गेणबांना या रडारडीचा अर्थच लागेना. "आरं, आली तर बिगाडलं काय? न्हाई आली तर रडला असतास. लोकांची पोरं परीक्षेला तास तास आधी जाऊन बसत्यात!"

प्रयोग बघायला आशालता मॅडम फोटोग्राफरला घेऊन येणार होत्या. प्रदीपरावांनी मनाशी ठरवलं, मॅडम आल्या की पहिल्या वाक्यात सांगून टाकायचं, आज तालीम आहे. वाक्यही पाठ केलं. पण मॅडमची गाडी खळ्याशी थांबली, त्यांनी एक पाय खाली टाकला, आणि गेणबांनी पाहुण्यांचा खोळंबा नको म्हणून ढीग पेटवून दिला. पेंढा तो, भडकलाच! फोटोग्राफर पळाला, कुशाबांच्या कोंबड्या पळाल्या. प्रदीपरावांनी घाबऱ्याघुबऱ्या एकशे एक फिरवला आणि सवयीनं स्टॉपवॉचही दाबलं. शाळेच्या वळणावरून सायरन असा काही उठला की गावानं शिट्ट्याच सुरू केल्या. धूळ उडवत गाडी आली, जवानांनी पाण्याचा फवारा सोडला, ढीग भुईसपाट! मॅडमच्या साडीचा पदर भिजला, त्यांच्या ड्रायव्हरला तर अंघोळच झाली.

मॅडमनी पदर पिळला, स्टॉपवॉच स्वतःच्या हातात घेतलं आणि डोळे मोठे केले. "चाळीस सेकंद? गायकवाड सर! चाळीस सेकंद?"

"मॅडम, म्हणजे त्याचं असंय..."

"ढमाले साहेब, गाडी कुठून आली?"

"केंद्रातून, मॅडम," चंद्रकांतराव म्हणाले. खोटं तर नव्हतंच. सकाळी केंद्रातूनच आली होती.

"सर, जरा अंगठा वर करा," फोटोग्राफर म्हणाला.

आता इथं प्रदीपरावांनी तोंड उघडायला हवं होतं. अकरा वर्षांत मॅडम त्यांच्याकडे बघून इतक्या छान हसल्या नव्हत्या. सगळं गाव टाळ्या वाजवत होतं, म्हातारा बाप डोळे पुसत होता. प्रदीपरावांनी अंगठा वर केला.

सोमवारी त्यांनी अहवाल लिहिला. प्रतिसादाचा सरासरी वेळ, चाळीस सेकंद. नमुना संख्या, एक. प्रमाण विचलन, म्हणजे आकड्यांतला चढउतार, शून्य. त्यांना वाटलं, एका नमुन्याची सरासरी बघून कोणीतरी पोट धरून हसेल आणि आपोआप सगळं उघड होईल. कोणी हसलं नाही. विचलन शून्य आहे हे तर मॅडमना सगळ्यात जास्त आवडलं. त्यांनी अहवाल अभिनंदनाच्या पत्रासकट अग्निशमन दलाच्या मुख्य कार्यालयाला पाठवला आणि वर्तमानपत्रालाही दिला.

मग काय विचारता! सोसायटीनं सत्कार केला. त्यात निरंजनरावांनी अर्धा तास भाषण करून सांगितलं की मूळ कल्पना जिन्यात सुचलेली आहे. गावानं चौकात हा भला मोठा फ्लेक्स लावला, 'चाळीस सेकंदांचे जनक प्रा. प्रदीपसर'. तो सहयोगी प्राध्यापक आता अर्धवट नाही, पूर्ण उभा राहायला लागला. आणि खरं सांगायचं तर पंधरा दिवसांत प्रदीपरावांनाही वाटायला लागलं की चाळीस सेकंद अगदीच अशक्य नसावेत. माणसाला फ्लेक्स लागला की असं होतं.

मार्चच्या अखेरीस एका संध्याकाळी चंद्रकांतराव गणवेशातच सोसायटीत आले. त्यांना बघून दोन मजल्यांवरची माणसं गॅस बंद करून खाली उतरली. निरंजनराव तर मीटरच्या खोलीकडेच धावले. वर येऊन चंद्रकांतरावांनी चहा नको म्हटलं आणि एक कागद पुढे ठेवला. मुख्य कार्यालयाचं पत्र होतं.

'करंजटेप परिसरातील प्रतिसादाचा वेळ चाळीस सेकंद इतका समाधानकारक असल्याचे शास्त्रीय संशोधनाने सिद्ध झाले असल्याने उपकेंद्राची आवश्यकता दिसून येत नाही. सबब, प्रस्ताव दप्तरी दाखल.'

प्रदीपरावांनी ते दोनदा वाचलं. चंद्रकांतराव चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "मी पण त्या दिवशी गप्प बसलो, सर. पोहे खाल्ले होते ना गावाचे."

ते गेल्यावर गौतमीताई म्हणाल्या, "आता चूक झाली म्हणून कळवा."

"आणि मुलाखत? नऊ दिवसांवर आलीय, गौतमी! मीच लिहून देऊ की माझा अहवाल खोटा आहे?"

"ते तुमचं तुम्ही बघा. आबा तिथं एकटे राहतात, एवढं लक्षात ठेवा."

दुसऱ्या दिवशी प्रदीपरावांनी मुख्य कार्यालयात फोन केला तर कळलं, दप्तरी दाखल झालेला प्रस्ताव नव्या पुराव्याशिवाय उघडत नाही. नवा पुरावा म्हणजे नवी चाचणी, नवी चाचणी म्हणजे तोच अर्ज, आणि तोच अर्ज म्हणजे पुन्हा दोन तास आधी गाडी आणि पोहे!

रविवारी ते गावी गेले आणि बापापुढे सगळं ओकून मोकळे झाले. गेणबा ओट्यावर बसून शांतपणे ऐकत होते.

"मंग नुसता फोन लावायचा. आग लागली म्हनायचं. गाडी येतीया, तू मोजायचं."

"खोटा फोन करणं गुन्हा आहे, आबा."

"आन खरा?"

"खरा कसा गुन्हा असेल?"

गेणबा उठले आणि शेताच्या कडेच्या जुन्या खोपटाकडे गेले. ते खोपट पाडून टाका, असं प्रदीपराव चार वर्षं सांगत होते आणि गेणबा चार वर्षं न्हाई म्हणत होते. आता त्यांनी आतला नांगर बाहेर काढला, दोन विळे काढले, सभोवतालचं गवत खरवडून पाण्याचे हंडे ओतले आणि म्हैस सोडून लांब नेऊन बांधली. बाप एवढी साफसफाई कशाला करतोय, हे प्रदीपरावांच्या ध्यानात येईपर्यंत काडी ओढून झाली होती. चार वाजून दहा मिनिटं.

"आबा!"

"वरडू नगंस. घड्याळ लाव!"

गेणबांनी स्वतःच फोन लावला आणि पोरालाही ऐकू जावं म्हणून स्पीकरवर टाकला.

"आग लागली हाय. करंजटेप, मुळशीच्या म्होरं."

"कशाला लागलीय?"

"खोपटाला."

"कशामुळं?"

"काडीमुळं."

"अहो, लावली कोणी?"

"म्याच. माजंच खोपट हाय."

"आजोबा, खोटा कॉल करणं गुन्हा आहे."

"खोटं काय हाय त्यात? या की, हात लावून बघा!"

धूर बघून गाव जमलं. काय चाललंय हे कळल्यावर तर हलेचना कोणी. बादल्या भरून तयार होत्या, पण खोपट एकटंच उभं होतं, वारा पडलेला होता, तेव्हा घाई कोणालाच नव्हती. दहा मिनिटांत छपराच्या वाशांनी पेट घेतला. पंचवीस मिनिटांत छप्पर कोसळलं. प्रदीपराव दर पाच मिनिटांनी आकडा पुकारत होते आणि त्यांचा आवाज चढत चालला होता. साळूबाईंनी चहा आणला. कुशाबा जाणकारासारखे म्हणाले, "आज रविवार. समदी रिसॉटवाली माघारी निघाल्यात. गाडी अजून भूगावातच असंल."

"पन्नास!" प्रदीपराव ओरडले.

"येऊ नगा रं इतक्यात!" मागून कोणीतरी हाळी दिली.

एक तास झाला तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला. आपल्या गावात मदत उशिरा पोचते म्हणून इतका आनंद झालेलं गाव साऱ्या तालुक्यात दुसरं नसेल. शेवटी पाच सत्तावीसला सायरन ऐकू आला. गाडी खळ्यात शिरली. चंद्रकांतराव उडी मारून पाण्याचा पाइप घेऊनच धावले आणि जागेवर थांबले. तिथं राखेचा ढीग होता आणि दोन काळे खांब.

"किती?" त्यांनी विचारलं.

"एक तास सतरा मिनिटं!"

गावानं पुन्हा एकच गिल्ला केला. गाडीचा चालक घामानं निथळत खाली उतरला. "देवाशपथ साहेब, कुठं ब्रेक मारला नाही. पिरंगुटला उलट्या बाजूनं काढली. याच्यापेक्षा लवकर नसती आली."

चंद्रकांतराव अजून राखेकडेच बघत होते. मग हळूच म्हणाले, "आत कोणी असतं तर, सर?"

टाळ्या बंद झाल्या. साळूबाईंनी पुढे केलेला कप मागे घेतला.

"म्हनून तर रिकामं पेटवलं," गेणबा म्हणाले.

स्वतःच्या हातानं आग लावल्याबद्दल चंद्रकांतरावांना गेणबांवर नोटीस काढावी लागली. नियमच होता. गेणबांनी ताठ मानेनं सही ठोकली आणि बजावलं, "येळ घालायला इसरू नगा. फोन कवा आला, गाडी कवा पोचली, दोन्ही घाला." आता त्या दोन वेळा सरकारी कागदावर होत्या. त्या खोडायची कोणाची छाती नव्हती. राहिला होता तो फक्त पहिला कागद, आणि त्याच्यावर सही प्रदीपरावांची होती.

मंगळवारी मुलाखत. टेबलापलीकडे बाहेरचे तीन तज्ज्ञ आणि कडेला आशालता मॅडम. एका तज्ज्ञानं चाळीस सेकंदांच्या अहवालाचं तोंड भरून कौतुक केलं आणि विचारलं, "यापुढे काय करणार?"

"हा अहवाल मागे घेणार," प्रदीपराव म्हणाले.

मग त्यांनी सगळं सांगितलं. तिसरा अर्ज सांगितला, मूर्तीची उंची सांगितली, अट नंबर चार, झेंडूची माळ, पोहे, वर केलेला अंगठा, खोपट, नोटीस. एका तज्ज्ञाला हसून हसून ठसका लागला. दुसरा हसला नाही.

"चुकीचं आहे हे सही करताना माहीत होतं?"

"होतं, सर."

"मग यंदा तुमच्या नावाचा विचार करणं अवघड आहे."

"हो, सर."

मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. प्रदीपराव बाहेर आले, पार्किंगमध्ये स्कूटरवर बसले आणि दहा मिनिटं किल्ली हातात धरून तसेच बसून राहिले. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. उगाच मोठेपणा सांगण्यात अर्थ नाही. घरी आल्यावर गौतमीताईंनी चहात साखर जास्त घातली.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी बोलावलं तेव्हा प्रदीपरावांनी नोकरीचीच आशा सोडली होती. मॅडमनी त्यांनी लिहून आणलेला नवा अहवाल, नोटिशीची प्रत आणि स्टॉपवॉचचा फोटो एकत्र टाचला, वर स्वतःचं पत्र जोडलं आणि सही केली. "चाळीस सेकंदांची बातमी मीच दिली होती, तेव्हा माझीही शोभा झालीच आहे. पण करार आहे, सर. तो तरी खोटा पडायला नको." त्यानंतर त्या पंधरा दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

उपकेंद्र मंजूर झालं. फार मोठं काही नाही. धरणाच्या वळणावर कुशाबांनी दिलेल्या जागेत एक पत्र्याची शेड, एक गाडी, सहा जवान. दिवाळीनंतर ते सुरू झालं आणि चंद्रकांतरावांनी स्वतः मागून तिथं बदली घेतली.

डिसेंबरात प्रदीपराव दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला सरासरी शिकवत होते. वर्गात मोबाइल बंद ठेवायचा, हा नियम त्यांचाच. पण खिसा थरथरला आणि नाव दिसलं चंद्रकांतरावांचं. त्यांनी खडू टाकला आणि फोन कानाला लावला.

"सर! करंजटेप! साळूबाईंचं घर, गॅसची नळी पेटलेली. सून आणि दोन नातवंडं आत अडकली होती. काढली, सर, तिघांनाही काढली! खरचटलंसुद्धा नाही. नऊ मिनिटं, सर, नऊ मिनिटांत पोचलो!"

"नऊ!" प्रदीपराव भर वर्गात ओरडले. "नऊ, नऊ, नऊ!" त्यांनी फळ्यावर हा एवढा मोठा नऊ काढला. हे कुठल्या उदाहरणाचं उत्तर, ते पोरांना कळेना, तरी निम्म्या पोरांनी वहीत उतरवून घेतलं. प्रदीपराव खुर्चीत बसले, चष्मा काढला आणि सगळ्यांसमोर रडले. लाज वाटायला हवी होती, पण वाटली नाही.

फोन अजून चालूच होता. पलीकडे काहीतरी झटापट झाली आणि गेणबांचा आवाज आला.

"परदिप, घड्याळ म्या लावलं व्हतं. खरं सांगू का? आठ मिन्टं आन छप्पन सेकंदच झालीती. पर म्या सायबाला नऊ सांगितली. कमी सांगून एकदा अंगावर आलंय आपल्या."